मन कसं चालतं, एवढं घराला ठाऊक असू द्या

आपल्या घरांत माणसांवर शिक्के पटकन बसतात. हा हट्टी. ती रडूबाई. मोठा ढ, धाकटा हुशार. सासूबाई तिरसट, सून नाटकी. एकदा शिक्का बसला की वर्षानुवर्षं पुसला जात नाही. ज्याच्यावर बसला, तो माणूसही पुढे पुढे तसाच वागू लागतो.

मानसशास्त्र म्हटलं की बहुतेकांना दोन गोष्टी आठवतात. एक मनोरुग्णालय, दुसरी कॉलेजातली जाड पुस्तकं. दोन्ही आपल्या कामाची नाहीत असं वाटतं, आणि विषय तिथेच संपतो.

पण या शास्त्राचं मूळ सांगणं अगदी साधं आहे. माणूस जसा वागतो, त्यामागे काही कारण असतं. ते शोधता येतं. सापडलं, तर वागणं बदलायला वाट मिळते. शिक्का मारला की शोधच थांबतो.

घरात थर्मामीटर असतो. तो वापरण्यासाठी कुणाला डॉक्टर व्हावं लागत नाही. ताप किती आहे, घरी थांबायचं की दवाखाना गाठायचा, एवढं त्यातून कळतं. मनाबद्दलही एवढी समज प्रत्येक घरात हवी. ती कशी आणायची, ते नेहमीच्या प्रसंगांतूनच सांगते.

राग येतो कुठून?

संध्याकाळचे सात वाजलेत. तुम्ही नवऱ्याला फोन लावता. तो उचलत नाही. पुन्हा लावता. रिंग वाजून वाजून बंद होते. साडेआठला तो दारात येतो. तुम्ही त्याच्या हातातली पिशवीही न घेता आत निघून जाता. जेवणं मुक्यानं होतात.

कुणी विचारलं तर तुम्ही म्हणाल, फोन उचलला नाही म्हणून राग आला. पण त्याच फोनमुळे तुमच्या सासूबाईंना धास्ती लागली होती. ‘गाडीवर आहे, काही झालं तर नसेल ना?’ मुलीला काहीच वाटलं नव्हतं. ‘मीटिंग असेल,’ म्हणून ती अभ्यासाला बसली. फोन एकच. घरात माणसं तीन आणि तऱ्हाही तीन.

म्हणजे राग फोनमुळे आला नाही. फोन आणि राग यांच्या मधे एक विचार होता. ‘मला काही किंमतच नाही.’ राग त्यातून आला.

अल्बर्ट एलिस या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी १९५५ च्या सुमारास याच पायावर उपचारांची एक पद्धत उभी केली. घटना, त्यावरचा आपला विचार आणि मग होणारा परिणाम, या तीन पायऱ्या त्यांनी वेगळ्या करून दाखवल्या. मुंबईचे कि. मो. फडके यांनी ही पद्धत आपल्याकडे रुजवली. ठाण्यात डॉ. आनंद नाडकर्णी यांनी १९९० साली सुरू केलेल्या ‘आयपीएच’ या संस्थेनं हा विचार हजारो मराठी घरांपर्यंत नेला. तो समजायला इंग्रजी लागत नाही आणि पदवीही लागत नाही.

तुम्ही एवढं करा.

राग आला की आधी श्वास सावकाश सोडा. घेण्यापेक्षा सोडायला जास्त वेळ लावा. चार-पाच वेळा. रागात छाती धडधडते, अंग तापतं. शरीर आधी शांत झालं तर डोकं पुढचं काम करू शकतं.

मग स्वतःला विचारा, ‘मी मनात नेमकं काय म्हणते आहे?’ जमल्यास ते कागदावर लिहा. मनातलं वाक्य कागदावर उतरलं की त्याच्याकडे जरा लांबून पाहता येतं.

आता त्या वाक्यात हुकूम आहे का, ते बघा. ‘त्यानं उचललाच पाहिजे.’ ‘माझ्याशी कुणी असं वागताच कामा नये.’ हुकूम पाळला गेला नाही की मनाचा भडका उडतो. त्या जागी इच्छा ठेवून बघा. ‘उचलला असता तर बरं झालं असतं. का नाही उचलला, ते विचारते.’ नाराजी राहील. ती राहू द्या. पण घर पेटवणारा संताप उरणार नाही.

बोलायचं ते शेवटी. ‘तुम्ही नेहमीच असं करता’ असं म्हटलं की समोरचा लढायला उभा राहतो. ‘फोन उचलला नाही तेव्हा मला एकटं वाटलं’ असं म्हटलं की तो निदान ऐकून तरी घेतो.

एक गोष्ट मात्र नीट ध्यानात ठेवा. घरात मारहाण होत असेल, कुणी जिवाची भीती घालत असेल, तर तिथे आपले विचार तपासत बसू नका. चूक मारणाऱ्याची आहे. महिलांसाठी १८१ हा मदतीचा क्रमांक आहे. तातडीच्या वेळी ११२ लावा. सोसत राहणं म्हणजे समजूतदारपणा नव्हे.

मूल हट्टी नसतं, ते शिकत असतं

चार वर्षांचं पोर जेवायला बसतं आणि मोबाइल मागतं. तुम्ही नाही म्हणता. ते भोकाड पसरतं. पहिलं मिनिट तुम्ही ठाम असता. दुसऱ्या मिनिटाला शेजारच्या काकू दारातून डोकावतात. तिसऱ्या मिनिटाला आजी म्हणते, ‘दे गं, चार घास तरी पोटात जातील.’ मोबाइल मिळतो. रडणं थांबतं. सगळे सुटकेचा श्वास टाकतात.

त्या दिवशी ते मूल एक धडा शिकलं. तीन मिनिटं रडलं की मोबाइल मिळतो. उद्या तुम्ही पाच मिनिटं टिकलात आणि मग दिलात, तर ते पाच मिनिटं रडायला शिकेल.

बी. एफ. स्किनर या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी उंदीर आणि कबुतरांवर पुष्कळ प्रयोग केले. ज्यांना दांडी दाबली की दर वेळी दाणा मिळत होता, त्या प्राण्यांनी दाणा बंद झाल्यावर लवकर नाद सोडला. ज्यांना कधी मिळायचा, कधी नाही, ते मात्र दांडी दाबतच राहिले. ‘या वेळी मिळेल’ ही आस सुटायला फार वेळ लागतो. लॉटरी, मटका आणि मोबाइलवरचे पैशांचे खेळ याच आशेवर चालतात.

तेव्हा मोबाइलबद्दल सगळ्या घरानं मिळून एकच नियम ठरवा. आई नाही म्हणते आणि आजोबा देतात, असं नको. जेवताना मोबाइल नाही, तर तो कुणाच्याच हातात नाही. बाबांच्याही नाही.

नियम सुरू केल्यावर पहिले काही दिवस रडणं वाढेल. याची आधीच तयारी ठेवा. ही रीतच आहे. पूर्वी जे चालत होतं ते चालेना, म्हणून मूल जोर वाढवतं. नेमक्या याच वेळी बहुतेक घरं हरतात, आणि मूल मोठ्यानं रडायला शिकतं. तुम्ही हरू नका.

ठाम राहणं म्हणजे ओरडणं नव्हे. जवळ बसा. ‘तुला राग आलाय, कळतंय मला. जेवताना मोबाइल मिळणार नाही.’ एवढंच म्हणा. मारू नका. मार खाऊन मूल फक्त भीती शिकतं.

आणि जे हवं आहे ते मुलानं केलं की लगेच दाद द्या. न रडता चार घास खाल्ले, तर तेव्हाच सांगा. आपण मूल रडलं की धावतो आणि शहाण्यासारखं खेळत असलं की आपल्या कामाला लागतो. मग ते लक्ष वेधायला रडणारच.

‘ढ’ आणि ‘हुशार’, दोन्ही शिक्के नकोत

दहावीचा मुलगा इतिहासाचा धडा पाच वेळा वाचतो. सगळं ओळखीचं वाटतं. ‘आलं मला,’ म्हणून पुस्तक मिटतो. परीक्षेत मात्र आठवत नाही. घरचे म्हणतात, ‘याच्या डोक्यात काही राहतच नाही.’

डोकं चांगलं असतं. अभ्यासाची रीत चुकलेली असते. पुन्हा पुन्हा वाचून मजकूर ओळखीचा होतो. ओळखीचं वाटणं वेगळं आणि न बघता आठवणं वेगळं. परीक्षेत दुसरं लागतं, आणि सराव मात्र पहिल्याचाच झालेला असतो.

अमेरिकेत २००६ साली प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनात विद्यार्थ्यांचे गट केले होते. काहींनी उतारा पुन्हा पुन्हा वाचला. काहींनी वाचून झाल्यावर तो बाजूला ठेवला आणि आठवेल ते लिहून काढलं. पाच मिनिटांनी परीक्षा घेतली, तेव्हा वाचणारे पुढे होते. आठवड्यानं घेतली, तेव्हा आठवून लिहिणारे पुढे गेले. परीक्षा पाच मिनिटांनी कधीच नसते, हे लक्षात घ्या.

विसरणं कसं होतं, याचा अभ्यास त्याच्याही फार आधी झाला. जर्मनीच्या हेर्मान एबिंगहाउस यांनी १८८५ साली तो प्रसिद्ध केला. शिकलेलं सुरुवातीला झपाट्यानं विसरतं आणि मग विसरण्याचा वेग मंदावतो, हे त्यांनी स्वतःवर प्रयोग करून मोजलं. म्हणून पहिली उजळणी लवकर हवी.

मुलाला असं सांगा. धडा एकदा नीट वाच. पुस्तक मिट. कोऱ्या कागदावर आठवेल ते लिही. मग पुस्तक उघडून काय सुटलं ते बघ. तोच धडा दुसऱ्या दिवशी, मग तीन-चार दिवसांनी, मग आठवड्यानं पुन्हा असाच आठव. तुम्हाला विषय येत नसला तरी चालेल. भाजी निवडता निवडता म्हणा, ‘आज काय शिकलास, मला समजावून सांग.’ दुसऱ्याला सांगताना त्याची उजळणी आपोआप होते.

रात्री जागून अभ्यास करवू नका. शिकलेलं पक्कं व्हायला झोप लागते.

‘हुशार आहेस’ हे कौतुकही जरा जपून करा. क्लॉडिया म्यूलर आणि कॅरल ड्वेक यांनी १९९८ साली केलेल्या अभ्यासात असं दिसलं, की हुशारीचं कौतुक झालेली मुलं पुढे सोपंच काम निवडू लागली. अवघड घेतलं आणि चुकलं, तर हुशारपणा जाईल अशी भीती. मेहनतीचं कौतुक झालेली मुलं अवघडाकडे वळली. म्हणून ‘किती हुशार!’ म्हणण्यापेक्षा ‘हे गणित तू तीन तऱ्हांनी करून पाहिलंस, छान केलंस’ असं म्हणा.

फसलेला माणूस मूर्ख नसतो

निवृत्त काकांना व्हिडिओ कॉल येतो. समोर पोलिसांच्या गणवेशातला माणूस. ‘तुमच्या नावानं पार्सल पकडलंय. त्यात ड्रग्ज आहेत. तुम्हाला डिजिटल अरेस्ट केली आहे. कॅमेऱ्यासमोरून उठायचं नाही. घरात कुणाला सांगायचं नाही.’ दोन तासांत आयुष्यभराची पुंजी दुसऱ्याच्या खात्यात जाते.

नंतर सगळे म्हणतात, ‘एवढे शिकलेले, आणि असे कसे फसलात?’ हा घाव पैशांपेक्षा खोल जातो.

शिक्षणाचा इथे फारसा उपयोग होत नाही. भीती वाटली की डोकं फक्त सुटकेचा रस्ता शोधतं. चोर तीन गोष्टी एकदम करतो. धाक घालतो. घाई करतो. एकटं पाडतो. सरकारी गणवेशापुढे मान झुकवायची सवय आपल्याला लहानपणापासून असते, तिचाही तो वापर करतो. या जाळ्यात डॉक्टर सापडले आहेत, मोठे अधिकारीही सापडले आहेत.

घरात आजच सगळ्यांना सांगून ठेवा. कायद्यात डिजिटल अरेस्ट नावाचं काही नाही. पोलीस व्हिडिओ कॉलवर अटक करत नाहीत आणि खात्यात पैसे भरायला सांगत नाहीत. ‘कुणाला सांगू नका’ हे शब्द कानावर आले की फोन ठेवायचा आणि घरातल्या एकाला तरी सांगायचं. पैसे गेलेच असतील, तर जराही वेळ न घालवता १९३० या क्रमांकावर तक्रार करा. जितकी लवकर कराल, तितकी पैसे थांबवता येण्याची शक्यता जास्त.

आणि कुणी फसलं, तर त्याला टोमणे मारू नका. लाजेपायी माणूस गप्प बसतो. गप्प बसला की मदतीची वेळ निघून जाते.

आळशी म्हणण्याआधी दोन आठवडे बघा

दुःख प्रत्येकाच्या वाट्याला येतं. घरात कुणी गेलं, पीक बुडालं, नोकरी गेली, तर माणूस उदास होणारच. त्याला सोबत द्या. रडू द्या. ‘रडू नकोस’ म्हणू नका. बहुतेक माणसं हळूहळू सावरतात.

पण कधी कधी उदासी हा आजार असतो. त्याची लक्षणं ओळखा. दोन आठवडे किंवा त्याहून जास्त, दिवसाचा बराचसा वेळ मन खिन्न. आवडत्या गोष्टींतही रस नाही. झोप उडालेली, किंवा सारखं झोपून राहणं. भूक मेलेली. अंगात त्राण नाही. कामात लक्ष लागत नाही. ‘मी कुणाच्या उपयोगाचा नाही’ हे वारंवार बोलणं. यांतली बरीच लक्षणं एकत्र दिसली, तर तज्ज्ञांकडे जायची वेळ झाली.

आपल्याकडे हा आजार अनेकदा शरीराच्या तक्रारी घेऊन येतो. डोकं दुखतं, अंग दुखतं, पोटात गोळा येतो, छातीत धडधडतं. आधी शरीराची तपासणी करून घ्या. छातीच्या दुखण्याला ‘मनाचं असेल’ म्हणून घरी थांबू नका. थायरॉईड बिघडलं, अंगात रक्त कमी झालं, तरीही माणूस मरगळतो. रिपोर्ट चांगले आले आणि त्रास तसाच राहिला, तर ‘तुला काही झालेलं नाही, ढोंग करतेस’ असं म्हणू नका. त्रास खरा असतो. फक्त मूळ दुसरीकडे असतं.

बाळंतिणीकडे विशेष लक्ष द्या. बाळंतपणानंतर पहिले काही दिवस रडू येणं, चिडचिड होणं नेहमीचं आहे. ते साधारण दोन आठवड्यांत निवळतं. त्यानंतरही ती खिन्न असेल, बाळाला घ्यावंसं वाटत नसेल, बाळ झोपलं तरी तिला झोप येत नसेल, तर डॉक्टरांना दाखवा. ती भलतंसलतं बोलू लागली, विचित्र संशय घेऊ लागली, तर त्याच दिवशी न्या आणि तोवर तिला आणि बाळाला एकटं ठेवू नका. ‘आम्ही नाही का मुलं वाढवली?’ हे वाक्य त्या वेळी घरातल्या कुणीच उच्चारू नये.

उदास माणसाला ‘मन घट्ट कर’ सांगून उपयोग होत नाही. त्याच्याकडून छोटी गोष्ट करवून घ्या. सकाळी दहा मिनिटं अंगणात किंवा गच्चीवर चालणं. अंघोळ वेळेवर. एका मित्राला फोन. बरं वाटलं की करू, असं तो म्हणेल. पण उदासीत उलटं असतं. आधी थोडं करावं लागतं, मग थोडं बरं वाटतं. त्याच्याबरोबर तुम्हीही चाला.

जिवाची भाषा ऐकली तर

‘मी नसलो तर बरं होईल.’ ‘आता सगळं संपवावंसं वाटतं.’ असं कुणी बोललं, तर ते धमकी म्हणून झटकून टाकू नका. जो बोलतो तो करत नाही, हा समज चुकीचा आहे.

त्याला सरळ विचारा, ‘जीव द्यावासा वाटतो का?’ विचारल्यानं ती कल्पना डोक्यात भरते, अशी भीती लोकांना वाटते. तसं होत नाही. उलट, आपलं कुणीतरी ऐकतंय हे कळून माणूस मोकळा होतो.

मग ऐका. उपदेश नको. ‘तुझ्या मुलांचा विचार कर’ असं म्हणून त्याच्या डोक्यावर आणखी ओझं टाकू नका. त्याला एकटं सोडू नका. शेतीची औषधं, गोळ्यांचे डबे कुलपात ठेवा आणि किल्ली दुसऱ्याकडे द्या. त्या काही घटका टळल्या, तर जीव वाचू शकतो.

१४४१६ हा क्रमांक पाठ करा. ही केंद्र सरकारची ‘टेलिमानस’ सेवा आहे. १० ऑक्टोबर २०२२ रोजी सुरू झाली. चोवीस तास चालते, पैसे लागत नाहीत, मराठीत बोलता येतं. धोका समोर दिसत असेल, तर थेट जवळचं रुग्णालय गाठा.

कुणी जीव द्यायचा प्रयत्न केला, तर पोलिसांचं लफडं मागे लागेल या भीतीनं घरातली माणसं ते लपवतात. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्यानं हे बदललं आहे. असा प्रयत्न करणारा माणूस तीव्र ताणाखाली होता, असं कायदा धरून चालतो. त्याची काळजी घेणं आणि त्याला उपचार देणं, ही सरकारची जबाबदारी आहे.

कुणाकडे जायचं?

मनोविकारतज्ज्ञ, म्हणजे सायकियाट्रिस्ट. ते एमबीबीएस झाल्यावर पुढे मनाच्या आजारांचं शिक्षण घेतलेले डॉक्टर असतात. औषधं तेच देतात.

क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट बोलण्यातून उपचार करतात, चाचण्या घेतात. त्यांची नोंदणी भारतीय पुनर्वास परिषदेकडे असते. नोंदणी आहे का, असं विचारायला संकोचू नका.

समुपदेशक, म्हणजे कौन्सेलर. घरातले ताण, अभ्यास, नातेसंबंध यांत मदत करतात. शिक्षण कुठे झालं, हे त्यांनाही विचारा. चार दिवसांच्या शिबिरातून कुणी समुपदेशक होत नाही.

पैशांची चिंता असेल, तर आधी जिल्हा रुग्णालयात चौकशी करा. ठाणे, पुण्यात येरवडा, नागपूर आणि रत्नागिरी इथे सरकारी प्रादेशिक मनोरुग्णालयं आहेत. तिथे बाह्यरुग्ण विभागात नुसतं दाखवून, औषध घेऊन घरी येता येतं. व्यसनासाठी पुण्याचं मुक्तांगण १९८६ पासून काम करतं आहे. स्किझोफ्रेनियासारखा मोठा आजार घरात असेल, तर पुण्यातल्या ‘सा’ या संस्थेत आजारी माणसाला शुभार्थी आणि त्याची काळजी घेणाऱ्याला शुभंकर म्हणतात. दोघांनाही तिथे सोबत मिळते. काळजी घेणारा माणूसही थकतो, हे विसरू नका.

औषधांबद्दल तीन गोष्टी ध्यानात ठेवा. नैराश्यावरच्या गोळ्यांचा गुण दिसायला साधारण दोन ते चार आठवडे लागतात. आठ दिवसांत फरक नाही म्हणून सोडू नका. बरं वाटलं म्हणून आपल्या मनानं बंदही करू नका. डॉक्टर हळूहळू कमी करतात. झोपेच्या काही गोळ्यांची सवय लागते, म्हणून त्या चिठ्ठीशिवाय आणि सांगितल्यापेक्षा जास्त दिवस घेऊ नका. सगळ्याच गोळ्यांची मात्र सवय लागत नाही.

देवाला जरूर नमस्कार करा. मनाला आधार मिळतो. पण कुणी ‘बाहेरची बाधा आहे, औषध बंद करा’ म्हणालं, तर तिथून उठा. भूत उतरवण्याच्या नावाखाली माणसाला बांधणं, मारणं हा महाराष्ट्रात २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्यानं गुन्हा आहे.

बेंगळुरूच्या ‘निम्हान्स’ संस्थेनं २०१५-१६ मध्ये देशभर सर्वेक्षण केलं होतं. वेगवेगळ्या मानसिक आजारांत ७० ते ९२ टक्के लोकांपर्यंत उपचार पोचलेलेच नव्हते. यामागे डॉक्टर कमी असणं हे कारण आहेच. पण आजार ओळखू न येणं आणि ‘लोक काय म्हणतील’ ही भीती, हीही मोठी कारणं आहेत. डॉक्टरांची संख्या तुमच्या हातात नाही. ही दोन कारणं तुमच्या घरापुरती तरी तुम्ही दूर करू शकता.

आजपासून एवढं करा

सगळं एकदम जमणार नाही आणि जमायलाही नको. या आठवड्यात एकच गोष्ट निवडा.

दिवसातून एक जेवण सगळ्यांनी एकत्र घ्या. मोबाइल दुसऱ्या खोलीत ठेवा. एकमेकांना ‘आज दिवस कसा गेला?’ विचारा आणि उत्तर पुरं होईपर्यंत मधे बोलू नका. सल्ला मागितला तरच द्या.

घरातल्या प्रत्येकाच्या मोबाइलमध्ये १४४१६ आणि १९३० हे दोन क्रमांक साठवा. आजी-आजोबांसाठी मोठ्या अक्षरांत लिहून फोनजवळ चिकटवा.

आणि तुमच्या घरात कुणावर कोणता शिक्का बसला आहे, हे आठवा. तो एक महिना तोंडातून काढू नका. त्याऐवजी विचारा, ‘हा असा कधी वागतो? त्याआधी काय घडलेलं असतं? त्यानंतर त्याला काय मिळतं?’ या तीन प्रश्नांची उत्तरं शोधलीत, तर अर्धं मानसशास्त्र तुमच्या घरात आलं असं समजा.

मन आजारी पडणं हा कुणाचाही दोष नाही. ते समजून घ्यायचं टाळणं मात्र आपल्या माणसाला महागात पडतं. तेव्हा घरात कुणी गप्प गप्प झालं असेल, तर आज रात्रीच त्याच्या शेजारी जाऊन बसा आणि विचारा.